यात्रेचं बोलावणं

आमच्या खानापूर तालुक्यात लक्ष्मी यात्रेचं बोलावणं फोनवरून करत नाहीत. घरातलं कुणीतरी स्वतः येतं, बायकांना हळद-कुंकू लावतं, "सगळ्यांनी यायचं, आदल्या दिवशीच यायचं" असं म्हणतं आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही. यंदा आमच्या थोरल्या काकांच्या मुलाने, आम्ही सगळी भावंडं ज्याला दादा म्हणतो त्याने, हे काम जानेवारीतच हाती घेतलं. आधी मोटारसायकलवरून जवळची गावं केली: जांबोटी, येळ्ळूर, कडोली, बेळगावातलं वडगाव. मग चंदगड, गडहिंग्लज, निपाणी. धाकट्या काकांची लेक म्हापशाला असते, तिच्यासाठी चोर्ला घाट उतरून गोवा. शेवटी वैनीला घेऊन रात्रीच्या बसने चिंचवडला माझ्या दारात, आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला थोरल्या आत्तीकडे.

मी म्हटलं, "दादा, एवढी दगदग कशाला केलीस? मी तशीही येणारच होते."

"येणार होतीस ते तुझं. बोलवायचं ते आमचं," तो म्हणाला.

तो गेल्यावरही हे वाक्य बरेच दिवस माझ्यासोबत राहिलं. लांबून गावी जाणाऱ्यांच्या प्रवासाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तिकीट मिळालं की नाही, घाटात गाडी किती वेळ अडकली, मुलांच्या परीक्षा कशा सांभाळल्या. पण त्या प्रवासाच्या आधी दुसऱ्या टोकाकडून एक प्रवास झालेला असतो, घर धरून राहिलेल्या माणसाने केलेला. कुटुंब टिकतं ते बरंचसं या उलट्या प्रवासावर, असं मला यंदा फार वाटलं.

ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात गावोगावी ग्रामदेवता म्हणून लक्ष्मी आहे. तिची मोठी यात्रा दरवर्षी भरत नाही. कुठे बारा वर्षांनी, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी, आणि गावात तंटा उभा राहिला किंवा सलग दुष्काळ पडले तर त्याहूनही उशिरा. एकदा ठरली की वर्षभर आधीपासून बैठका बसतात. घरटी पट्टी ठरते. सुतार रथाच्या कामाला लागतात. यात्रेआधीचे काही आठवडे मंगळवार आणि शुक्रवार पाळले जातात, त्या दिवशी शेतात कुणी औत धरत नाही. गावातली घरं एकामागून एक रंगवली जातात. पोटापाण्यासाठी गोवा, पुणे, मुंबई गाठलेल्यांची कुलूपबंद घरंही उघडून झाडली जातात, कारण यात्रेत गावात अंधारं घर असू नये असं मानतात.

आणि लेकींना बोलावलं जातं. आमंत्रण सगळ्यांनाच असलं, तरी ज्यांच्या वाटेकडे घर डोळे लावून बसतं त्या लेकी. नुकतं लग्न झालेली असो की नातवंडांची आजी झालेली, यात्रेत ती त्या घरची मुलगी असते. यात्रेची सुरुवात देवीच्या लग्नाने होते, म्हणजे देवीही त्या दिवशी गावची लेकच. म्हणून आमच्या बायका घरातल्या इतर सणांना सासरी थांबतील, पण या यात्रेला माहेरीच जातील.

मधल्या एवढ्या वर्षांमुळे हा सण इतर सणांहून वेगळा होतो. दिवाळी चुकली तर पुढच्या वर्षी आहे. इथे मागच्या यात्रेला कोण कुठे उभं होतं ते सगळ्यांना लख्ख आठवतं आणि आज तिथे कोण आहे ते समोर दिसतं. मागच्या यात्रेला मी कॉलेजात होते आणि परसात वाटण वाटायला मला बसवलं होतं. आजी तेव्हा होती. थोरले काका रथाचा दोर धरायला पुढे होते. वैनी नवी नवरी होती, डोक्यावरचा पदर सावरत सगळ्यांच्या मागे उभी राहायची. आज घराच्या किल्ल्या वैनीच्या कमरेला आहेत आणि कुणाला कुठे झोपवायचं ते ती ठरवते. आणखी एवढीच वर्षं गेल्यावर कोण कुठे असेल, याचा हिशेब प्रत्येकाच्या मनात चालू असतो. कुणी तो मोठ्याने मांडत नाही. थोरल्या आत्तीने मात्र मांडला. दादाने तिला कुंकू लावलं तेव्हा ती म्हणाली, "आता येतंय ते शेवटचं. म्हणून रेल्वेनंच येतंय."

आत्तीची ऐंशी जवळ आली आहे, गुडघे दुखतात. तिच्या सुनेने बेळगावजवळच्या सांबरा विमानतळापर्यंत विमानाने जायचं सुचवलं, मुलाने मोटार ठरवतो म्हटलं. तिने दोन्ही नाकारलं. डोंबिवलीकर असल्याने ती कल्याणला दादर-हुबळी गाडीत बसली, मी पुण्याला मध्यरात्रीनंतर त्याच डब्यात चढले. ती जागीच होती. पिशवीतून दशमी काढून माझ्या हातावर ठेवली आणि मिरज यायच्या आत झोपायचं नाही असं बजावलं.

मिरजेचं तिला एवढं का, हे मला पहाटे कळलं. ती लग्न होऊन मुंबईला गेली तेव्हा थेट गाडी नव्हती. मिरजेच्या पुढे लोंढ्यापर्यंत मीटरगेज, ब्रॉडगेज मिरजेला संपायचं. म्हणजे कडेवर एक मूल, हाताशी एक, डोक्यावर ट्रंक, अशा अवस्थेत फलाट ओलांडून दुसऱ्या गाडीत जागा धरायची. परत जाताना तांदळाचं बोचकं त्यात वाढायचं. १९९० च्या दशकात मार्ग रुंद झाला आणि ती कसरत संपली. आता २०२४ च्या सप्टेंबरपासून पुण्याहून हुबळीला वंदे भारतही जाते. आत्तीला त्याचं कौतुक आहे, पण मिरज आली की ती अजून उठून बसते. गाडी हलली, उजाडू लागलं, आणि ती स्टेशनं म्हणू लागली: शेडबाळ, उगार, कुडची, चिंचली, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर. गाडी यातल्या निम्म्या ठिकाणीही थांबत नव्हती. कुडचीजवळ कृष्णेचा पूल आला तेव्हा तिने हात जोडले. समोरच्या बाकावरचा विजापूरकडचा तरुण तिच्याकडे बघून कानडीत काहीतरी म्हणाला आणि आत्तीने त्याला कानडीतच उत्तर दिलं. डोंबिवलीत इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडात ती भाषा अजून ताजी होती.

आत्तीचे यजमान परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे त्यांची गिरणी उघडली तरी त्यांची नोकरी उघडली नाही. तेव्हा आत्तीने घरातच खानावळ घातली. गावाकडून नोकरीच्या शोधात आलेली पोरं तिच्याकडे जेवायची. ज्याला पगार नाही त्याचे पैसे ती लिहून ठेवायची, आणि वहीतलं कितीतरी कधी वसूलच झालं नाही. त्याबद्दल तिच्या तोंडून आजवर एकही कडवट शब्द मी ऐकलेला नाही. आम्ही बेळगावला उतरलो तेव्हा फलाटावर दादा होताच, पण त्याच्यासोबत डोकी पांढरी झालेले चार-पाच पुरुष होते. तिच्या पंगतीला जेवलेली पोरं. कुणी सैन्यातून निवृत्त झालेला, कुणी मुंबईतच कारकुनी करून गावी परतलेला. त्यांनी तिला चालू दिलं नाही. खुर्चीत बसवून जिन्यापलीकडे नेलं आणि गाडीत कुणी पुढे बसायचं यावर वाद घातला. आत्ती प्रत्येकाला नावाने ओळखत होती आणि प्रत्येकाच्या आईची चौकशी करत होती.

आमच्या कुटुंबाच्या प्रवासात राज्याची सीमा येतेच. माझ्या आजीचं माहेर चंदगड तालुक्यात. तिचं लग्न झालं तेव्हा चंदगड आणि खानापूर एकाच बेळगाव जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. चंदगड वगळून उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झालं. आजीने घर बदललं नाही, गाव बदललं नाही, पण तिचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. तिने तरीही मधली लेक चंदगडलाच दिली. सोयरिकी तशाच चालू राहिल्या, आजही चालू आहेत. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून उभा आहे. या प्रश्नावर आमच्या घरात मत ठाम आहे आणि ते लपवण्याचं मला कारण दिसत नाही. पण आज मला त्याची दुसरी बाजू सांगायची आहे. दोन राज्यांत ताण वाढला की सर्वांत आधी एसटी थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये थांबली, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबली. अशा वेळी चंदगडच्या आत्तीला माहेरी यायचं तर कुणाची तरी दुचाकी शोधावी लागते. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा अहवाल दाखवल्याशिवाय राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरून पुढे जाता येत नव्हतं. थोरले काका त्याच वर्षी गेले. डोंबिवलीची आत्ती सख्ख्या भावाच्या दिवसांनाही येऊ शकली नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी ती घरात शिरली, देवघराकडे न जाता आधी काकांच्या खोलीत गेली आणि दार लोटून बराच वेळ आत बसली. कुणी तिला हाक मारली नाही. दुपारच्या जेवणाला ती आपणहून बाहेर आली.

घरात किती माणसं होती ते मोजायच्या फंदात कुणी पडत नाही. माजघरात बायका, सोप्यावर म्हातारे पुरुष, माळ्यावर तरुण पोरं, अंगणातल्या मांडवात उरलेले. सतरंज्या कमी पडल्या तेव्हा शेजारच्या भाऊबंदांनी न मागता आणून दिल्या. शेजारच्या घराशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं, काकांच्या आधीपासूनचं. यात्रेत ते चालू झालं. कुणी मध्यस्थी केली नाही. त्यांचा मुलगा सतरंज्या घेऊन आला आणि वैनीने त्याला "जेवलास काय रे?" विचारलं, एवढंच झालं.

लग्नाचा मुहूर्त सूर्योदयाचा. पहाटे गार वाऱ्यात सगळं गाव जमलं. देवीची मूर्ती लाकडाची, नव्याने रंगवलेली, अंगभर दागिने. मानकऱ्यांच्या रांगा, ज्याचा त्याचा मान ठरलेला. अक्षता पडल्या आणि त्याच क्षणी भंडारा उधळला गेला. पिवळ्या धुळीत समोरचा माणूस दिसेना. मग होन्नाट. देवीला खांद्यावर घेऊन पोरं गल्लीगल्लीतून धावत, नाचत जातात. ढोल वाजतात, हलगी कडाडते, उंबऱ्याउंबऱ्यावर बायका पाण्याची घागर आणि ओटीचं ताट घेऊन उभ्या असतात. आमच्या दारात देवी आली तेव्हा आत्तीला खुर्चीसकट पायरीवर आणलं होतं. ती खुर्चीत बसून ओटी भरायला तयार नव्हती. वैनीने एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरलं, तिने उभं राहून खण-नारळ ठेवला आणि देवीशी काहीतरी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं, पण ते इथे लिहिणार नाही.

पुढचे दिवस देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या बैठकीच्या जागी, बसते आणि गावात पाहुण्यांची रीघ लागते. पहिला बेत गोडाचा, पुरणपोळी आणि गुळवणी. नंतर मटणाचे दिवस. ओळखीचा असो वा नसो, मांडवात आला की त्याला पान वाढायचं, हा नियम. पाहुण्याचा मित्र, मित्राचा शेजारी, सगळे चालतात. परसात तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, भाताची डेग उतरवायला चार माणसं, मसाला घरचा. जावई वाढायला उभे राहिले. माझा नवरा पुण्यात वाढलेला, यात्रा त्याने पहिल्यांदाच पाहिली. तिसऱ्या दिवशी तो रश्श्याची बादली घेऊन पंगतीतून फिरत होता आणि म्हातारे त्याला नावाने हाक मारत होते.

आमची मुलं पहिला दिवस एकमेकांकडे बघत होती. माझी लेक इंग्रजी माध्यमात शिकते, म्हापशाची मुलं कोकणी-हिंदी बोलतात, दादाची मुलं घरी मराठी आणि शाळेत कानडी. संध्याकाळी शेतात क्रिकेट सुरू झालं आणि प्रश्न मिटला.

आता खर्चाबद्दल. यात्रेवर होणारा खर्च ही उधळपट्टी आहे, असं शिकलेली माणसं म्हणतात, आमच्यातही म्हणतात. त्यात तथ्य आहे. घर रंगवणं, मांडव, किराणा, बकरी, लेकींना साड्या, जावयांना टॉवेल-टोपी. पाच-सहा एकरांच्या शेतकऱ्याला हे झेपत नाही. दागिने सोसायटीत जातात आणि पुढची काही वर्षं त्याचे हप्ते चालतात. दादानेही कर्ज काढलं होतं. त्याने सांगितलं नाही, वैनीच्या मोकळ्या गळ्यावरून मला कळलं. आणि तरीही यात्रा साधी करावी, पाहुणे कमी करावेत, हे मला पटत नाही. ज्या गावातली निम्मी तरुण माणसं बाहेर आहेत, त्या गावाला आपण अजून एक गाव आहोत हे कळायला हीच एक जागा उरली आहे. चूक खर्चात नाही, तो एकट्याच्या डोक्यावर पडण्यात आहे. गावात राहणारा भाऊ यजमान आणि शहरात राहणारे आम्ही सगळे पाहुणे, ही वाटणी अन्यायाची आहे. त्याच्या घरावर आमचा सणापुरता हक्क, त्याच्या कर्जावर मात्र नाही, असं कसं चालेल? वडिलोपार्जित शेतात हिस्सा मागताना आम्ही सगळे कागदोपत्री मालक असतो. मग चुलीच्या खर्चाला पाहुणे का?

मी हे चौथ्या रात्री माळ्यावर सगळ्या भावंडांसमोर बोलले. दादा खाली होता, मुद्दाम त्याला बोलावलं नव्हतं. म्हापशाच्या बहिणीने लगेच दुजोरा दिला. एक चुलतभाऊ गप्प बसला, त्याची नोकरी नुकतीच गेली होती, त्याला कुणी काही विचारलं नाही. बाकीच्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आकडे सांगितले. वैनीचं मंगळसूत्र आणि पाटल्या आधी सोडवायच्या, उरलेलं कर्ज दोन वर्षांत फेडायचं, असं ठरलं. दादाला सांगायचं काम आत्तीवर सोपवलं, कारण तिच्यासमोर त्याला नाही म्हणता येत नाही. त्याने तरीही नाही म्हटलं. आत्ती म्हणाली, "तू बोलवायला आलास तवा मी आले. आता मी सांगतंय तर तू ऐक." मग तो काही बोलला नाही.

शेवटच्या दिवशी देवी गावच्या सीमेकडे निघाली. लेक सासरी जाताना जसं रडतात तसं गाव रडतं. पुरुषही रडतात. कुणी ते लपवत नाही. रात्री गावात एक विचित्र रिकामेपण येतं, मांडव सोडवणारे लोक हळू आवाजात बोलतात.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी छपराचा विषय निघाला. आमचं घर कौलारू आहे, इकडचा पाऊस मोठा, आणि माकडं कौलं फोडून ठेवतात. दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, सरळ पत्रे घालू, एकदाच काय तो खर्च. मला पत्र्याखालचा उन्हाळा आणि पावसाचा आवाज नको वाटतो, पण त्या घरात मी राहत नाही, त्यामुळे मी मत दिलं नाही. वैनीला विचारलं. ती म्हणाली, सोपा आणि माजघर कौलारूच ठेवा, मागच्या पडवीला आणि गोठ्याला पत्रे चालतील. तेच ठरलं. पुढच्या यात्रेची वाट न बघता दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात जमेल त्याने कौलं परतायला यायचं, येणं न जमलं तर मजुरीचे पैसे आधी पाठवायचे. आत्तीने रुमालाच्या पुरचुंडीतून नोटा काढून आपली पहिली मजुरी तिथेच दादाच्या हातात दिली आणि पत्रे घेताना खानापुरात आणि बेळगावात दोन्हीकडे भाव बघा, असं बजावलं.